दातुकची घंटी

टिंग टिंग.

पुढे चाललेलं जोडपं बाळाच्या गाडीसकट निमूट डावीकडे सरकलं. वळून न पाहता सरकलं. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या कालव्याकाठच्या वाटेवर घंटी ऐकू आली की डावीकडे व्हायचं, हे तिथल्या माणसांच्या पायांनाच ठाऊक असतं, त्यासाठी डोक्याला त्रास द्यावा लागत नाही. पण बराच वेळ सायकल गेली नाही, तेव्हा दोघांनी मागे पाहिलं. मागे सायकल नव्हतीच. मागे हैकल होता आणि त्याच्या हातात काळं कापड पांघरलेला बांबूचा उंच पिंजरा होता.

"सॉरी हं," हैकल म्हणाला. "चाला तुम्ही. काही येत नाहीये."

"मग घंटी कशाला वाजवलीत?" बाई म्हणाली.

"मी नाही वाजवली."

नवऱ्याने हैकलकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं, आणि बाळाच्या गाडीचं छत हळूच खाली ओढलं. मग दोघं भराभर पुढे निघून गेले.

हैकलने कापडाला तोंड लावून दात-ओठ खात म्हटलं, "दातुक, आज तरी नको रे. हात जोडतो."

दातुक हा शामा पक्षी होता. काळं डोकं, नारिंगी पोट, आणि बसला की दांडीच्या खाली वीतभर लोंबणारी शेपूट. दातुक म्हणजे खरं तर राजदरबारातून मोठमोठ्या असामींना मिळणारा किताब, पण याला तो पाकचिक रोसमाननी घरच्या घरी देऊन टाकला होता. पाकचिक म्हणजे काका. हैकल त्यांना तोंडाने पाकचिक म्हणायचा आणि मनात सासरे म्हणायचा. मनातलं तोंडात यायला अजून पाकचिकची परवानगी मिळायची होती.

ती अडली होती दातुकवर. पाकचिकच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांना पिंजरा उचलता येईना, तेव्हा त्यांनी हैकलला बोलावून घेतलं. हैकल चांगला शर्ट घालून गेला. त्याला वाटलं, लग्नाचं काढणार. पाकचिकनी पिंजरा काढला.

"नादिरा माझी मुलगी आहे," ते म्हणाले. "ती स्वतःची काळजी घेते. दातुक घेत नाही. आधी याला सांभाळून दाखव. स्पर्धेच्या रविवारी हा गायला, तर तुझ्या आईवडिलांना चहाला पाठव."

"आणि नाही गायला तर?"

"तर तू पाठव दातुकला परत. फक्त दातुकला."

सूचना मोजक्याच होत्या. नाकतोडे जिवंत द्यायचे. अंघोळीला पाणी कोमट द्यायचं. बस, मोटार, लिफ्टमध्ये जास्त वेळ, हे काही चालायचं नाही, पोट ढवळलं की दातुक आठवडाभर रुसतो. आणि रोज सकाळी त्याला बाहेर झाडाखाली नेऊन बसवायचं, कारण शामा आजूबाजूचं ऐकून गाणं वाढवतो. "निसर्ग ऐकव त्याला," पाकचिक म्हणाले होते.

हैकल बाराव्या मजल्यावर राहायचा. तिथे निसर्ग म्हणजे शेजारच्यांच्या कुंडीतला कढीपत्ता. म्हणून तो रोज सकाळी कालव्याकाठच्या वाटेवर यायचा आणि एका बाकावर पिंजरा ठेवून नादिराशी फोनवर बोलत बसायचा. बाक उत्तम होता. वर पावसाळी शिरीषाची दाट सावली, समोर कालवा, कालव्यात बगळा. सगळ्या वाटेवर हाच एक बाक कायम रिकामा कसा असतो, हा प्रश्न हैकलला पडला नाही. पडायला हवा होता. बाक पुलाखालच्या आंधळ्या वळणावर होता आणि तिथे येणारा प्रत्येक सायकलवाला, समोरून कोणी असो वा नसो, घंटी वाजवल्याशिवाय पुढे जात नव्हता. बगळा एकदाही ओरडला नाही.

दातुकने जे ऐकलं ते शिकला. मनापासून शिकला.

हैकलच्या हे लक्षात आलं तेव्हा स्पर्धा तोंडावर आली होती. त्याने काय नाही केलं! फोनवर जंगलाचे आवाज लावले. दातुकने ते एका कानाने ऐकले आणि घंटी वाजवली. स्वतः शीळ घालून पाहिली. खालच्या मजल्यावरून तक्रार आली, दातुकने घंटी वाजवली. शेवटी हैकल त्याच्यासमोर बसून रडकुंडीला आला, तेव्हा दातुकने मान तिरपी करून त्याचं नीट ऐकून घेतलं आणि अगदी हळू, सांत्वन केल्यासारखी, घंटी वाजवली.

आणि आज स्पर्धेचा रविवार. मैदान याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला होतं. गाडी चालत नाही म्हटल्यावर चालतच जायचं, आणि चालत जायचं तर या वाटेशिवाय वाट नव्हती.

खिशात फोन थरथरला. नादिरा होती.

"कुठे पोचलास?"

"पुलाच्या अलीकडे. ऐक, मला वाटतं दातुकला बरं नाहीये. आपण यंदा—"

"हैकल, आबा येतायत."

"कुठे?"

"मैदानावर. चाकांच्या खुर्चीतून. हॉस्पिटलातून आणल्यापासून ती खुर्ची बाल्कनीत पडून होती, आबांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले होते. माहितीये ना? लोक 'अंकल, मदत करू का' म्हणून कीव करतात, मी मेलो तरी त्यात बसणार नाही, असं म्हणायचे. आज सकाळी स्वतः म्हणाले, टॉवेल काढ. दातुकचं गाणं ऐकायचंय."

हैकलला घाम फुटला. तसा सिंगापुरात सकाळी आठनंतर सगळ्यांनाच फुटतो, पण हा वेगळा होता.

"ऐकतोयस ना? गातोय ना रे नीट?"

टिंग टिंग.

"सायकल आली वाटतं," नादिरा म्हणाली. "बाजूला हो. डावीकडे." आणि तिने फोन ठेवला.

"एक्स्क्यूज मी! तुम्ही, पिंजरेवाले!"

समोर स्वी किम आंटी उभ्या होत्या. हैकल त्यांना ओळखत होता. त्या वाटेवर त्यांना न ओळखणारा माणूस तिथे नवीन असायचा. आंटी निवृत्त होत्या, डोक्यावर रुंद हॅट, अंगात पिवळं जाकीट. जाकीट त्यांना कोणी दिलं नव्हतं, त्यांनी स्वतः विकत घेतलं होतं. वाटेच्या मधोमध पांढरी रेघ होती, अलीकडे चालणारे, पलीकडे सायकली, आणि त्या रेघेवर आंटींचा पोटच्या पोरासारखा जीव होता.

"घंटी तुम्ही वाजवताय? मघापासून बघतेय. लोक उगाच बाजूला होतायत. एक आजोबा तर गवतात गेले, अजून तिथेच उभे आहेत."

"आंटी, मी नाही. हा पक्षी वाजवतो."

"पक्ष्याला घंटी कोणी बसवली?"

"बसवली नाही. तो तोंडाने काढतो."

आंटींनी कापडाचा कोपरा उचलून आत पाहिलं. दातुकने आंटींकडे पाहिलं. टिंग टिंग. आंटी दचकून डावीकडे सरकल्या, आणि सरकल्याचा त्यांना राग आला.

"हे चालायचं नाही," त्या म्हणाल्या. "घंटी असेल त्याने रेघेच्या पलीकडून जायचं."

"पण माझ्याकडे सायकल नाही!"

"सायकलचं मी काही म्हटलंच नाही. घंटी आहे की नाही?"

"आहे, पण—"

"मग पलीकडे. नियम सगळ्यांना सारखा."

"आंटी, मी चालतोय! चालणारा माणूस सायकलींच्या बाजूला गेला तर मरेल!"

"म्हणूनच घंटी असते," आंटी म्हणाल्या.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मागे माणसं साचायला लागली होती आणि स्पर्धेची वेळ होत आली होती. हैकल रेघ ओलांडून पलीकडे गेला. आंटी अलीकडून त्याच्या बरोबरीने चालू लागल्या, तो परत येऊ नये म्हणून.

सायकलींच्या बाजूला चालणं हा अपमानाचा एक स्वतंत्र प्रकार असतो, हे हैकलला थोड्याच वेळात कळलं. मागून येणारा प्रत्येक जण घंटी वाजवत होता. आणि प्रत्येक घंटीला दातुक उत्तर देत होता. खोकल्यासारखी घंटी आली तर खोकल्यासारखी, गोड आली तर गोड. इतके दिवस त्याला वाटत असावं की आपणच एकटे बोलतोय. आज चारी बाजूंनी नातेवाईक भेटल्यासारखा तो हरखला होता.

मग मागून चट्टेरीपट्टेरी कपड्यांतला सायकलवाल्या काकालोकांचा ताफा आला. साठीची पोटं, विशीचे कपडे. पुढच्या काकांनी घंटी वाजवली. दातुकने वाजवली. काकांनी जोरात वाजवली. दातुकने त्याहून जोरात.

"अरे, मलाच घंटी?" काका ओरडले. "चालतोयस काय, वाजवतोयस काय! बाजूला हो!"

"बाजूला कुठे होऊ? त्या बाजूला या आंटी येऊ देत नाहीत!"

"घंटी आहे त्याच्याकडे," आंटींनी रेघेपलीकडून खुलासा केला.

"सायकल कुठे आहे त्याची?"

"तो त्याचा खासगी प्रश्न आहे."

काका आणखी काही बोलणार, तेवढ्यात सगळ्यांनीच ब्रेक लावले. कालव्यातून एक घोरपड वर आली होती. पुरुषभर लांब, अंगावर चिखल, चेहऱ्यावर कुठलीही घाई नाही. ती वाटेवर आली आणि बरोबर पांढऱ्या रेघेवर पोट टेकून बसली. अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. आंटींना अशी केस यापूर्वी आलेली नसावी. त्यांनी हात वर केला, मग खाली घेतला.

चालणारे थांबले, पळणारे जागच्या जागी पळत थांबले, सायकलवाले एक पाय टेकून थांबले. घोरपडीला हाकलायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळीकडे शांतता पसरली.

आणि त्या शांततेत दातुक गायला.

आधी एक लांब, खोल शीळ, विहिरीत खडा टाकल्यासारखी. मग तिच्यावर दुसरी, मग बारीक बारीक तानांची अशी उधळण, की पळणाऱ्यांचे पाय आपोआप थांबले. काकांनी हेल्मेट काढलं. हैकल तोंड उघडं टाकून उभा राहिला. पाकचिक ज्या गाण्याविषयी बोलताना आवाज खाली आणत, ते हेच. ते आत होतं तर! इतके दिवस आतच होतं, आणि या पठ्ठ्याने ते बाहेर काढलं कधी, तर परीक्षक नाही, पाकचिक नाही, नादिरा नाही, समोर एक घोरपड बसलीय तेव्हा.

"इथे नाही रे," हैकल कळवळून म्हणाला. "तिथे! तिथे गा! थोडं ठेव तिथल्यासाठी!"

"शूः!" सगळे त्याच्यावर खेकसले.

गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दातुकने टाळ्या ऐकून घेतल्या आणि समारोपाला, टिंग टिंग.

घोरपड उठली आणि डावीकडे सरकली.

"बघा," आंटी म्हणाल्या. "तिलासुद्धा कळतं."

*

मैदानावर पोचेपर्यंत हैकलचा शर्ट अंगाला चिकटला होता आणि मागे चांगलीच वरात जमली होती. काकांचा ताफा आला होता, आंटी आल्या होत्या. गवतात गेलेले आजोबासुद्धा आले होते, त्यांना अजून नक्की काय झालं ते कळलं नव्हतं.

मैदान कसलं, वाटेला लागूनच असलेली हिरवळ. खांबांवर पिंजरे टांगलेले, खाली पानात बांधलेला नासी लेमाकचा भात खात बसलेली पक्षीवाली मंडळी, आणि वाटेपासून खांबांपर्यंत बघ्यांची दाटी. परीक्षक होते चिकगू लातिफ, निवृत्त शाळामास्तर. अर्ध्या स्पर्धकांना त्यांनी लहानपणी अंगठे धरून उभं केलं होतं, त्यामुळे निकालावर कोणी वाद घालत नसे.

हैकलने इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची कुठे दिसेना. पाकचिक अजून आले नव्हते. त्याच्या मनात आलं, दातुक पटकन गायला आणि पाकचिक उशिरा आले, तर मधली काही मिनिटं देवाच्या हातात.

दातुकचं नाव पुकारलं. हैकलने पिंजरा आकडीला लावला, कापड काढलं आणि मागे सरून श्वास रोखून उभा राहिला.

दातुक दांडीवर बसला. शेपूट हलवली. एक पंख साफ केला. मग दुसरा. मग पहिला राहिला असेल म्हणून पुन्हा पहिला.

"गातो का हा?" चिकगूंनी विचारलं.

"गातो, चिकगू. मघाशी गायला."

"कुठे?"

"घोरपडीसमोर."

"साक्षीदार आहेत," काका मागून म्हणाले.

चिकगूंनी चष्म्यावरून अशा नजरेने पाहिलं की काकांनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर ठेवलं.

आणि तेवढ्यात दातुकने सूर लावला. तीच शीळ, तोच खडा, तीच विहीर. नासी लेमाक खाणारे हात वाटेत थांबले. चिकगूंनी डोळे मिटले. तानांवर ताना चढत गेल्या. हैकल मनातल्या मनात आईवडिलांना चहाला पाठवू लागला, वडिलांनी कुठला शर्ट घालावा इथपर्यंत तो पोचला. 'आता थांब,' तो पुटपुटला, 'बास झालं, आता थांब, दातुक, राजा, थांब—'

टिंग टिंग.

आंटींचा हात आपोआप वर गेला. "डावीकडे!"

सगळी गर्दी डावीकडे सरकली. बघे सरकले, स्पर्धक पानासकट सरकले, मिटल्या डोळ्यांनी चिकगू लातिफसुद्धा सरकले. वाटेपासून खांबापर्यंत सरळ, मोकळी, चांगली रुंद गल्ली पडली, आणि त्या गल्लीच्या पलीकडच्या तोंडाशी चाकांच्या खुर्चीत पाकचिक रोसमान बसले होते. मागे नादिरा होती.

ती दोघं गर्दीच्या मागे कधीची अडकून पडली होती. पाकचिकनी समोर पाहिलं. दोन्ही बाजूंना माणसं अदबीने उभी. कोणी 'मदत करू का' म्हणालं नाही. पाकचिकनी टोपी सरळ केली, छाती पुढे काढली आणि नादिराला खूण केली. खुर्ची त्या गल्लीतून संथपणे खांबापर्यंत आली.

"एवढा मान," ते हैकलला म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "इतकी वर्षं येतोय मी इथे. दोन पायांवर यायचो तेव्हा कोणी जागा दिली नाही. आणि आज..."

टिंग टिंग, दातुक म्हणाला.

पाकचिकनी वर पाहिलं. मग सायकल शोधली. मग पुन्हा वर पाहिलं.

"गाणं एक नंबर होतं, रोसमान," चिकगू लातिफ डोळे उघडून म्हणाले. "माझ्या उभ्या आयुष्यात ऐकलं नाही असं. पण घंटी हे काही शाम्याचं गाणं नव्हे. दातुक बाद."

कोणी वाद घातला नाही.

पाकचिक हैकलकडे वळले.

"कुठे बसवत होतास त्याला?"

"बाकावर, पाकचिक. पुलाखालच्या वळणाच्या. सावली छान होती."

"त्या वळणावर? जिथे एवढी मोठी पाटी लावलीय, 'घंटी वाजवा' म्हणून?"

"पाटी माझ्या पाठीमागे होती."

"आणि कान? कान कुठे होते?"

हैकलचे कान फोनला होते आणि फोनच्या पलीकडे कोण होतं ते आत्ता खुर्चीच्या मागे उभं होतं. नादिरा एकदम खाली वाकून खुर्चीचं चाक तपासू लागली.

"चार पिढ्या," पाकचिक म्हणाले. "याच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं गाणं मला तोंडपाठ आहे. त्या घराण्याचा तू सायकलचा सुटा भाग करून ठेवलास. उचल पिंजरा. आण इकडे. मांडीवर दे. तुला नाही देणार आता."

हैकलने पिंजरा उतरवला, कापड घातलं आणि पाकचिकच्या मांडीवर ठेवला. संपलं, त्याला वाटलं. सायकलवाल्यांचा, बाकाचा, बगळ्याचा, कोणाकोणाचा म्हणून राग करावा हे त्याला सुचेना.

नादिराने खुर्ची वळवली. पण गल्ली एव्हाना मिटली होती. पुढच्या पक्ष्यासाठी माणसं पुन्हा दाटीवाटीने उभी होती.

"एक्स्क्यूज मी," नादिरा म्हणाली. कोणी हललं नाही. तिने मलायमध्ये विनवलं, येत होतं तेवढं चिनीमध्येही विनवलं. एका माणसाने खाली वाकून पाहिलं. "अरेरे! अंकल, मदत करू का? खूप दुखतं का हो?"

पाकचिकची मान खांद्यात गेली. "सांगत होतो," ते पुटपुटले. "घरी ने मला. टॉवेल घाल या खुर्चीवर."

टिंग टिंग.

गर्दी सरकली. कीव करणारा माणूस तर दोन पावलं जास्तच सरकला आणि कोणाच्या तरी नासी लेमाकवर बसला.

पाकचिकनी मान खांद्यातून वर काढली. खुर्ची बाहेर आली, वाटेवर आली. आंटी तिथे हजरच होत्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं आणि रेघेपलीकडे बोट दाखवलं.

"घंटी आहे. पलीकडून."

"आंटी, प्लीज," हैकल वैतागून म्हणाला, "यांचं ऑपरेशन झालंय, यांना तरी चालणाऱ्यांच्या—"

"थांब," पाकचिक म्हणाले. "बाई काय म्हणाल्या? सायकलींच्या बाजूने?"

"नियम सगळ्यांना सारखा, अंकल. गुडघ्याची सवलत नाही."

ऑपरेशन झाल्यापासून पाकचिकशी इतकं उर्मट कोणीच बोललं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर, लॉटरी लागलेल्या पण कोणाला कळू द्यायचं नसलेल्या माणसाचे भाव आले.

"नादिरा, तू हो बाजूला. याला ढकलू दे."

हैकलने मुठी धरल्या. खुर्ची जड होती, वर पाकचिक, त्यांच्यावर दातुक. उताराला ती पुढे ओढायची, चढाला मागे यायची, आणि रेघेपलीकडून आंटी "हळू! हळू!" करत होत्या.

"डॉक्टर म्हणाला रोज सकाळी मोकळ्या हवेत जा," पाकचिक पुढे बघत म्हणाले. "उद्यापासून ये."

"दातुकला फिरवायला?"

"मला फिरवायला. दातुक असेल बरोबर. कामाचा झालाय."

"रोज?" हैकलच्या तोंडून निघून गेलं. त्याने सकाळभर एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती, की या वाटेवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. "इथेच?"

"का? काही अडचण आहे?"

मागून नादिराने त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"नाही, पाकचिक."

"आबा," नादिरा म्हणाली, "मग ते चहाचं?"

"गाणं बाद झालं ना? चहा कसला?"

तेवढ्यात मागून घंट्या वाजल्या. काकांचा ताफा परत निघाला होता. हैकलचे पाय त्याला न विचारता डावीकडे वळले आणि खुर्ची पाकचिकसकट गवतात शिरायला लागली.

"ए, गवतात कुठे नेतोस?" पाकचिक ओरडले. त्यांनी पिंजऱ्यावरचं कापड ओढून काढलं आणि पिंजरा दोन्ही हातांनी मागे, ताफ्याच्या दिशेने फिरवला. "घाबरतोस काय एवढा? घंटी आपल्या घरात पण आहे! चल, मधोमध!"

हैकलने जोर लावून खुर्ची वाटेवर घेतली. मागच्या घंट्या जवळ आल्या.

"वाजव, दातुक," पाकचिक म्हणाले.

दातुकने शेपूट हलवली आणि एक पंख साफ करायला घेतला.